घोट्यातल्या कूर्चेचं ऑपरेशन: निकाल कशावर ठरतो आणि त्यातलं तुमच्या हातात काय आहे

एमआरआयचं मोठं पाकीट टेबलावर ठेवलं की बहुतेक जण एकच विचारतात, "मॅडम, ऑपरेशन केलं की पाय पहिल्यासारखा होईल ना?" मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गडावर जाणारी मुलं, कबड्डी खेळणारे, दुचाकीवरून पडलेले, आणि नुसती पायरी चुकून पाय मुरगळलेल्या घरच्या बायका, असे सगळे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर माझ्याकडे येतात. त्यांच्या प्रश्नाला सरळ "हो" म्हणता येत नाही. पण निकाल कशावर अवलंबून आहे हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि त्यातला मोठा भाग ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा असतो, काही आधीचा आणि काही नंतरचा. ज्यांच्या हातात असा रिपोर्ट पहिल्यांदाच आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. निर्णय तुमच्या सर्जननेच घ्यायचा. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं, ते तुम्हाला ठाऊक असावं एवढंच.

आधी हे दुखणं काय आहे ते समजून घ्या

नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मिळून खाली एक खोबण तयार करतात. त्या खोबणीत टेलस नावाचं हाड बसतं. हाच आपला घोट्याचा सांधा. टेलसच्या पृष्ठभागाचा सुमारे ६० टक्के भाग कूर्चेने, म्हणजे गुळगुळीत कार्टिलेजने झाकलेला असतो आणि एकही स्नायू या हाडाला चिकटलेला नसतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. कूर्चेला तर स्वतःचा रक्तपुरवठाच नाही. जिथे रक्त पोचत नाही तिथली जखम आपोआप भरत नाही, म्हणून हे दुखणं चिवट असतं. गुडघ्याच्या वाटीमागे काही ठिकाणी कूर्चा पाच-सहा मिलिमीटर जाड असते. टेलसवर ती एक-दोन मिलिमीटरच असते.

पाय जोरात मुरगळला की टेलस खोबणीत तिरका होऊन कडेवर आदळतो. कूर्चेला चीर पडते, कधी खालच्या हाडाचा टवका उडतो. बाहेरची सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते आणि सगळे म्हणतात, लचक होती, बरी झाली. पण आत खोलवर एक ठणका राहतो. उतार उतरताना, खडबडीत रस्त्यावर, दिवसभर उभं राहिल्यावर तो जाणवतो. कूर्चेत वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. दुखतं ते खालचं हाड. वजन पडलं की सांध्यातलं पाणी दाबाने त्या चिरेतून हाडात घुसत राहतं आणि हळूहळू तिथे पोकळी तयार होते, असं आज मानलं जातं. रिपोर्टमध्ये जिला "सबकॉन्ड्रल सिस्ट" म्हणतात ती हीच पोकळी.

साध्या एक्स-रेत अशा बऱ्याच जखमा दिसतच नाहीत. मुरगळलेला पाय दोन-तीन महिन्यांनीही खोलवर दुखत असेल, तर "एक्स-रे नॉर्मल आहे" या वाक्यावर थांबू नका.

रिपोर्टवर कधी "ऑस्टिओकॉन्ड्रल लिझन ऑफ टेलस" लिहिलेलं असतं, कधी "ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स" किंवा नुसतं "ओसीडी". दुसरं नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन सर्जन फ्रान्झ कोनिग यांनी दिलं. त्यांना वाटलं होतं की दाहामुळे हा तुकडा सुटतो. पुढे ती कल्पना मागे पडली, नाव मात्र राहिलं. त्यामुळे दोन रिपोर्टवर दोन वेगळी नावं दिसली म्हणून दोन आजार झाले असं समजू नका.

पायरी १: रिपोर्टमधले आकडे स्वतः शोधा

रिपोर्ट दोन पानांचा असतो, कामाच्या ओळी चार-पाचच. पेन घ्या आणि त्या अधोरेखित करा.

सगळ्यात आधी आकार. निकालाशी सर्वांत ठळक संबंध याचाच दिसला आहे. २००९ साली कोरियातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून हाडाला छिद्रं पाडण्याचं ऑपरेशन (ते काय असतं हे पायरी ४ मध्ये सांगते) झालेले १२० घोटे तपासले. जखमेचं क्षेत्रफळ १५० चौरस मिलिमीटरपेक्षा कमी असलेल्या ९५ घोट्यांपैकी १० जणांचं ऑपरेशन फसलं. त्याहून मोठ्या २५ घोट्यांपैकी मात्र २० फसले. हा फरक फार मोठा आहे. पुढच्या वर्षांत ही सीमारेषा आणखी खाली आली. २०१७ मध्ये पिट्सबर्गला २५ देशांतले तज्ज्ञ या एकाच विषयावर जमले होते. छिद्रांचं साधं ऑपरेशन व्यास १० मिलिमीटर, क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटर आणि खोली ५ मिलिमीटर यांच्या आतल्या जखमांसाठी योग्य, असं त्यांनी ठरवलं.

इथे एक हिशेब शिकून घ्या. समजा रिपोर्टमध्ये "१४ × ११ मिमी" लिहिलं आहे. सरळ गुणाकार १५४ येतो आणि माणूस घाबरतो. पण जखम चौकोनी नसते, लंबगोल असते. म्हणून त्या गुणाकाराला ०.७९ ने गुणायचं. उत्तर साधारण १२२ येतं. तरीही ती मोठीच म्हणायची, पण चित्र जरा वेगळं दिसतं. दुसरं असं की एमआरआयमध्ये जखमेभोवतीच्या हाडाची सूजही उजळ दिसते, त्यामुळे जखम खरी आहे त्याहून मोठी मोजली जाऊ शकते. हाडाचा खरा खड्डा केवढा, हे सीटी स्कॅनमध्ये जास्त नेमकं कळतं. ऑपरेशन ठरत असेल तर "सीटी करायचा का?" हे जरूर विचारा. खर्च वाढतो हे मला कळतं, पण कोणतं ऑपरेशन करायचं हा निर्णय याच मापावर उभा असतो.

मग खोली आणि सिस्ट. रिपोर्टमध्ये तिसरा आकडा असेल तर तो खोलीचा. खाली मोठा सिस्ट असेल तर नुसत्या छिद्रांनी काम भागेलच असं नाही, कारण नव्याने भरणाऱ्या भागाला खालून आधार मिळत नाही.

मग जागा. आतल्या बाजूच्या, म्हणजे "मेडियल" जखमा बहुधा खोल, वाटीसारख्या असतात. बाहेरच्या बाजूच्या "लॅटरल" जखमा उथळ, खापरीसारख्या असतात आणि त्यामागे बहुतेक वेळा ठळक दुखापत असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जखमेला चारी बाजूंनी कूर्चेची शाबूत कड आहे का. ऑपरेशननंतर खड्ड्यात रक्ताचा गोळा बसतो आणि त्यातून नवा थर तयार होतो. वाटीत पाणी राहतं तसा कडा असलेल्या खड्ड्यात तो गोळा टिकतो. जखम टेलसच्या अगदी खांद्यावर असेल आणि एक बाजू उघडी असेल तर तो टिकत नाही, अशा जखमांचा निकाल कमी चांगला येतो. रिपोर्टमध्ये "शोल्डर" किंवा "अनकंटेन्ड" हे शब्द दिसले तर त्यांवर खूण करा.

तुकडा सुटला आहे का, हेही बघा. सुटलेला तुकडा मोठा असेल आणि त्याला हाडाचा चांगला थर असेल तर तो जागीच स्क्रूने किंवा पिनने बसवता येतो. स्वतःची मूळ कूर्चा वाचते, यापेक्षा चांगलं काय असणार? म्हणूनच ताज्या दुखापतीत उशीर करू नये.

पायरी २: घोटा सैल आहे का, वाकडा आहे का

ही पायरी सर्वांत जास्त वेळा सुटते, म्हणून इथे जरा थांबते.

सातारा भागातला एक कबड्डीपटू माझ्याकडे आला होता. जखम लहान, आठ मिलिमीटरच्या आसपास. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, कागदावर सगळं व्यवस्थित. तरी दहा महिन्यांनी घोटा पुन्हा सुजलेला. मी त्याला पलंगाच्या कडेवर पाय लोंबता सोडून बसवलं, एका हाताने नडगी धरली, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत टाच घेतली आणि पुढे ओढली. चांगल्या पायात टाच जराशी हलते आणि लगेच कशाला तरी अडल्यासारखी थांबते. याच्या दुखऱ्या पायात ती थांबेचना, नुसती सरकत राहिली. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, पार ढिलं पडलेलं होतं आणि ते कुणी तपासलंच नव्हतं. आतला खड्डा बुजवला, पण ज्या सैलपणामुळे टेलस पुन्हा पुन्हा कडेवर आपटत होता तो तसाच राहिला. नवी भरलेली जागा त्या माराखाली टिकणार कशी?

म्हणून स्वतःला विचारा: गेल्या वर्षभरात पाय किती वेळा मुरगळला? सपाट रस्त्यावरही घोटा "दगा देतो" का? तसं असेल तर सर्जनना हे आपणहून सांगा. सैलपणा असेल तर लिगामेंट घट्ट करण्याचं ऑपरेशन बहुधा त्याच वेळी करता येतं. स्वीडिश सर्जन लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत त्यासाठी आजही सर्रास वापरतात.

तसंच पायाच्या ठेवणीचं. टाच आत झुकलेली असेल तर टेलसच्या आतल्या बाजूवर सगळा भार येतो. घरच्या घरी पाहायचं तर रोजची जुनी चप्पल उलटी करा. डाव्या-उजव्या चपलेची झीज अगदी वेगळ्या जागी असेल तर ती जोडी डॉक्टरांकडे घेऊन जा. मी सांगते म्हणून लोक पिशवीतून जुन्या चपला आणतात, आणि कित्येकदा रिपोर्टपेक्षा त्या जास्त बोलतात. ठेवण फार बिघडलेली असेल तर टाचेचं हाड सरळ करण्याचा विचार करावा लागतो. थोडी असेल तर बुटात घालायच्या इनसोलवर भागतं. आणि वजन देऊन, म्हणजे उभं राहून काढलेला एक्स-रे मागा. झोपून काढलेल्या एक्स-रेत ठेवण कळत नाही.

पायरी ३: ऑपरेशनशिवाय होईल का, हे प्रामाणिकपणे पाहा

एमआरआयमध्ये जखम दिसली म्हणजे ऑपरेशन करायलाच हवं असं नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अशी जखम सापडते आणि माणसाला काही त्रासही नसतो. तुकडा सुटलेला नसेल, सांधा अडकत नसेल, तर आधी काही महिने विश्रांती, बूट किंवा ब्रेस, आणि तोल सावरण्याचे व्यायाम करून बघतात. लहान मुलांमध्ये, ज्यांच्या हाडांची वाढ चालू आहे, तिथे तर हाच पहिला मार्ग. सांधा मधेच अडकत असेल किंवा तुकडा सुटून फिरत असेल तर मात्र वाट बघत बसू नका.

पायरी ४: कोणतं ऑपरेशन आणि का, हे विचारा

लहान जखमेसाठी दुर्बिणीतून केलं जाणारं ऑपरेशन सगळ्यात जास्त होतं. सैल कूर्चा खरवडून काढतात, कडा उभ्या आणि घट्ट करतात, आणि तळाच्या हाडाला बारीक छिद्रं पाडतात. छिद्रांतून मज्जेतलं रक्त येतं, त्याचा गोळा बसतो आणि त्यातून नवा थर तयार होतो. अमेरिकेतले सर्जन रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात गुडघ्यासाठी रूढ केलेली ही "मायक्रोफ्रॅक्चर" पद्धत. योग्य आकाराच्या जखमेत साधारण दहातल्या आठ जणांना चांगला निकाल मिळतो. पण तयार होणारा थर मूळ कूर्चेसारखा नसतो. तो जास्त तंतुमय आणि भार सोसायला कमी पडणारा असतो. हे आधी कळलेलं बरं, कारण "नवी कूर्चा आली" असं समजून लोक तिसऱ्या महिन्यात पळायला लागतात.

वरची कूर्चा शाबूत आणि खाली फक्त सिस्ट असेल तर कूर्चेच्या उलट बाजूने, तिला धक्का न लावता हाडात ड्रिल करता येतं.

जखम मोठी असेल किंवा पहिलं ऑपरेशन फसलं असेल, तर गुडघ्याच्या कमी भाराच्या भागातून कूर्चा आणि हाड मिळून एक गोल खुंटी काढतात आणि टेलसच्या खड्ड्यात ठोकून बसवतात. हंगेरीच्या लास्लो हांगोडी यांनी १९९०च्या दशकात अशा अनेक छोट्या खुंट्या शेजारी शेजारी बसवण्याची "मोझेक" पद्धत नावारूपाला आणली. यात खरी कूर्चा मिळते, हा मोठा फायदा. पण खुंटीचा माथा आजूबाजूच्या पातळीत बसला पाहिजे. वर राहिला तर तो समोरच्या कूर्चेला घासतो. आणि गुडघा? चांगल्या गुडघ्याला आपण हात लावतोय, हे विसरू नका. आपल्याकडे लोक उकिडवे बसतात, मांडी घालून जेवतात, पूजेला बसतात, भारतीय पद्धतीचा संडास वापरतात. परदेशी रुग्णाला जो गुडघा कधी जाणवणार नाही तो आपल्याला रोज जाणवू शकतो. "मला खाली बसावं लागतं" हे सर्जनना स्पष्ट सांगा. शेतात काम करणाऱ्या, भाजीच्या गाळ्यावर बसणाऱ्या माणसासाठी हा मुद्दा दुय्यम नाही.

टेलसच्या आतल्या-मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला कधी घोट्याचं आतलं टोक कापून बाजूला करावं लागतं आणि नंतर स्क्रूने जोडावं लागतं. म्हणजे बऱ्या व्हायच्या जागा दोन होतात: कूर्चा आणि कापलेलं हाड.

तिसरा मार्ग स्वतःच्या कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून लावण्याचा. स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये गुडघ्यातले आपले निकाल छापले आणि ही पद्धत जगभर गेली. ती महाग आहे आणि बहुतेक वेळा दोन टप्प्यांत करावी लागते.

सर्जनना हे प्रश्न लिहून घेऊन विचारा: माझ्या मापाच्या जखमेला हीच पद्धत का? आत गेल्यावर जखम मोठी निघाली तर काय करणार? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सैल कडा खरवडल्यावर खड्डा वाढतोच आणि खरं माप तेव्हाच कळतं. लिगामेंट तपासलं का? हाड कापावं लागेल का? किती आठवडे वजन टाकायचं नाही?

पायाच्या वरच्या बाजूला कातडीलगत संवेदनेची एक नस जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागून पायाच्या पाठीवर बधिरपणा येऊ शकतो. काही सर्जन ऑपरेशनआधी चौथं बोट खाली ओढून ती नस कातडीखाली दोरीसारखी उठते ते बघतात आणि पेनने तिची रेघ आखून ठेवतात. दोन मिनिटांचं काम आहे. असं काही दिसलं तर माझा त्या हातांवरचा विश्वास वाढतो.

पैशांची जुळवाजुळव करत असाल तर विम्याची पूर्वमंजुरी कोणत्या ऑपरेशनसाठी मागितली आहे ते पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे त्यालाच रिपोर्ट दाखवून विचारा.

पायरी ५: ऑपरेशनच्या आधीचे काही आठवडे

तंबाखू बंद. सिगारेट, बिडी, गुटखा आणि मशेरीसुद्धा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आधीच रक्त कमी पोचणाऱ्या या हाडाला ते परवडत नाही. कापलेलं हाड जुळायलाही तंबाखू आडवी येते. आपल्याकडे बायकांना "तुम्ही तंबाखू घेता का?" विचारलं की त्या नाही म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या हिशेबात तंबाखू नसतेच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, तपासून ताब्यात आणा. जखम भरणं आणि जंतुसंसर्ग दोन्ही त्यावर अवलंबून असतं. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे भरपूर आढळते. तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तसं भरून काढा.

वजनाबद्दल आणि वयाबद्दल लोक फार घाबरलेले असतात. चालताना घोट्यावर शरीराच्या कैक पट भार येतो, त्यामुळे वजन कमी असलेलं चांगलंच. पण वजन आणि वय यांचा ऑपरेशनच्या निकालावर किती परिणाम होतो, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पंचेचाळिशीची बाई "आता माझं वय झालं" म्हणून माघारी फिरते तेव्हा मला वाईट वाटतं. तिची जखम लहान आणि घोटा घट्ट असेल तर तिचा निकाल पंचविशीतल्या सैल घोट्याच्या मुलापेक्षा चांगला येऊ शकतो.

घराची तयारी आधीच करा. कुबड्या ऑपरेशनआधी आणा आणि त्यांवर जिना चढायची-उतरायची सवय करा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. बाथरूममध्ये प्लास्टिकची भक्कम खुर्ची ठेवा. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. फरशीवरचं पायपुसणं आणि गालिचा उचलून ठेवा. ओल्या फरशीवर कुबडीचं रबर घसरतं आणि माणूस पडताना नेमका ऑपरेशनचाच पाय टेकवतो. असं घडलेलं मी एकदा नाही, बऱ्याचदा ऐकलं आहे.

पायरी ६: वजन न टाकण्याचे आठवडे

छिद्रांच्या ऑपरेशननंतर साधारण दोन ते सहा आठवडे पूर्ण वजन टाकू देत नाहीत. हाड कापलं असेल किंवा खुंटी बसवली असेल तर बहुधा सहा आठवडे किंवा जास्त. लहान जखमांमध्ये लवकर वजन टाकूनही निकाल बिघडला नाही, असंही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून शेजाऱ्याच्या आठवड्यांशी आपले आठवडे जुळवू नका. तुमच्या सर्जनने तुमच्या खड्ड्यात काय पाहिलं, ते त्यांनाच माहीत आहे.

वजन टाकायचं नाही म्हणजे घोटा हलवायचा नाही, असं नाही. सर्जनची परवानगी मिळाली की दिवसातून अनेक वेळा पाय वर-खाली करायचा. कूर्चेला पोषण सांध्याच्या पाण्यातून मिळतं आणि ते पाणी हालचालीने फिरतं. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. मांडीचे आणि चांगल्या पायाचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून.

मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "आता थोडं थोडं वजन टाका." थोडं म्हणजे किती? इथे घरातला वजनकाटा कामाला येतो. काट्याशेजारी त्याच उंचीची एक पाटी किंवा जाड पुस्तकं ठेवा. चांगला पाय त्यावर, दुखरा काट्यावर, दोन्ही हातांत कुबड्या. हळूहळू दाब द्या आणि आकडा पाहा. डॉक्टरांनी १५ किलो सांगितलं असेल तर काटा १५ वर आला की थांबा, डोळे मिटा आणि पायाला तो दाब लक्षात ठेवू द्या. पुन्हा करा. माझ्या एका रुग्ण ताई शिक्षिका होत्या, जखम मोठी, हाड कापून खुंटी बसवलेली. पहिल्या दिवशी त्यांना "थोडंसं" वाटणारं वजन काट्यावर ३२ भरलं. त्या स्वतःच दचकल्या. नंतर रोज सकाळी चहाआधी दहा वेळा काट्यावर पाय ठेवायच्या आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या. दर आठवड्याला सर्जनने सांगितलं तेवढंच वाढवलं. पायाला शिस्त अशी लागते.

काही गोष्टींना मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा: पोटरी घट्ट, गरम आणि दुखरी होणं, ताप, टाक्यांतून पू किंवा सतत पाणी, बोटं निळसर पडणं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत जा. पोटरीतली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याचं ते लक्षण असू शकतं. पूर्वी अशी गुठळी झाली असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ऑपरेशनआधीच सांगा.

पायरी ७: परत चालणं, बसणं, पळणं

तारखा अंदाजे असतात. छिद्रांच्या ऑपरेशननंतर साधारण दीड-दोन महिन्यांत व्यवस्थित चालणं, त्याच सुमाराला स्थिर सायकल आणि पोहणं, तीन-चार महिन्यांनी हलकं पळणं, चार ते सहा महिन्यांनी खेळ. खुंटी किंवा पेशींच्या ऑपरेशनला सहा महिने ते वर्ष. सुधारणा वर्षभर होत राहते, त्यामुळे चौथ्या महिन्यात थोडं दुखतं म्हणून ऑपरेशन फसलं असं ठरवू नका.

तारखेपेक्षा मी पायाला विचारते, आणि त्याच्या तीन मोजण्या तुम्ही घरीही करू शकता. पहिली भिंतीची. भिंतीसमोर पाय ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. पाय जितका मागे सरकवून हे जमेल तितके सेंटिमीटर अंगठ्यापासून भिंतीपर्यंत मोजा. दोन्ही पायांत फरक राहिला तर उकिडवं बसताना घोटा अडणार. दुसरी पोटरीची. गुडघ्याच्या खाली दोन्ही पायांवर सारख्या अंतरावर पेनने खूण करा आणि शिंप्याच्या टेपने घेर मोजा. प्लास्टरमधून निघालेली पोटरी बारीकच असते, ती परत भरेपर्यंत घोट्याला आधार नाही. तिसरी एका पायावर उभं राहून टाच उचलायची. चांगल्या पायावर किती वेळा जमतं ते मोजा, मग दुखऱ्यावर. आकडे जवळ आल्याशिवाय मी कुणाला मैदानावर पाठवत नाही.

नंतर केलेल्या एमआरआयमध्ये हाडाची सूज बराच काळ दिसू शकते. रिपोर्ट वाचून झोप उडवून घेऊ नका. माणूस बरा चालत असतानाही फिल्म अजून उजळ दिसते. उलट फिल्म छान आणि पाय दुखतोय, असंही होतं. दोन्ही वेळा आधी पाय तपासून घ्या.

गडावर जायची घाई असेल त्यांना मी आधी पर्वतीवर पाठवते. चढण्यापेक्षा उतरणं घोट्याला जड जातं, हे पहिल्यांदा तिथेच कळतं. पहिल्या दिवशी १०३ पायऱ्यांपैकी निम्म्याच चढा, कठड्याच्या बाजूने सावकाश उतरा, घरी या आणि घोट्याच्या दोन्ही हाडांवरून टेप फिरवून घेर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या पुन्हा मोजा. घेर वाढला नसेल तर परवा पूर्ण चढा.